मामांचा डावखुरा

पुण्यात लाखो माणसं राहतात आणि प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या कारणाने रक्तदाब आहे. कुणाला मुलाच्या अॅडमिशनचा, कुणाला सिंहगड रस्त्यावरच्या वाहतुकीचा, कुणाला नुसता शेजाऱ्याचा. पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बेसबॉल टीममधल्या बदल्या-बढत्यांवर ज्याचा रक्तदाब चढतो आणि उतरतो असा माणूस साऱ्या पुण्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. दुसरा कोणी नाही याची मला खात्री आहे. असता, तर मामांनी आजवर त्याला शोधून काढून त्याच्याशी भांडण केलं असतं.

धनकवडीत आम्ही एकाच इमारतीत राहतो. तिसऱ्या मजल्यावर मामा आणि दुसऱ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या पायाखाली, मी. तिकडे संध्याकाळी दिवे लावून मॅच सुरू झाली की आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजतात, आणि साडेसात वाजले की मामा चालायला लागतात. मामा बसून मॅच बघू शकत नाहीत. खरं तर मामा बसून काहीच करू शकत नाहीत. जेवतानासुद्धा त्यांचा एक गुडघा ताटाभोवती फिरत असतो. मी घरात बेसबॉलचा ब कधी लावला नाही, पण दात घासता घासता मला स्कोअर कळतो. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब, ऐटबाज फेऱ्या म्हणजे टीम पुढे आहे. कॉटभोवती भराभर प्रदक्षिणा म्हणजे बरोबरी. एकाच जागी दोन्ही पाय आपटले म्हणजे पंचाचं चुकलं. आणि वरून अजिबात आवाज आला नाही की समजायचं, आता काहीतरी भयंकर घडतंय आणि मामा श्वास धरून उभे आहेत. या चालण्याने आमच्या हॉलच्या छताचा एक भला मोठा पोपडा निघालाय. मामांना तो दाखवायला खाली आणलं, तर मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "जावईबापू, चौकोन कोपऱ्यावर उभा केलाय बघा. हुबेहूब बेसबॉलचं मैदान." वर त्यात कोण कुठे उभं राहतं ते छत्रीच्या टोकाने मला दाखवलं. त्यात आणखी थोडा पोपडा पडला.

आता हा माणूस बेसबॉलच्या नादी लागलाच कसा, हे समजायला आधी त्यांची नोकरी समजली पाहिजे. मामांची सगळी हयात एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत गेली. कोण कुठे जाणार, कोण वर चढणार, कोणाची चौकशी लागणार, कोण वैद्यकीय रजा टाकून घरी पापड लाटत बसणार, हे सगळं मामांच्या टेबलावरून जायचं. साऱ्या महाराष्ट्राला त्यांनी इकडचं तिकडे केलं. स्वतः मात्र पुण्याबाहेर एक दिवस काढला नाही. बढती आली की बदली येते, म्हणून त्यांनी बढती तीनदा नाकारली. पहिल्यांदा सोलापूर होतं. दुसऱ्यांदा नागपूर. तिसऱ्यांदा तर नुसतं सासवड होतं, पण मामा म्हणाले, "मध्ये घाट आहे." ज्या माणसाने साहेब व्हायचं तो हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला आणि निरोप समारंभाचा नारळ घेऊन पीएमटीने घरी आला. बसला पीएमटी म्हणणं बंद होऊन किती वर्षं झाली, पण मामा तिला अजून पीएमटीच म्हणतात. नाव बदलणं हीसुद्धा त्यांच्या दृष्टीने बदलीच.

असा हा माणूस सहा-सात वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला, कारण त्यांच्या एकुलत्या एक मुलाला, नितीनला, मुलगी झाली. मामी बाळ-बाळंतिणीत बुडाल्या आणि मामा रिकामे पडले. घरात बसवेना, बाहेर जावं तर चालत जाण्याजोगं काही नाही. आठवड्याभरात त्यांनी नितीनच्या दिवाणखान्यातल्या गालिच्यावर पायवाट पाडली. शेवटी गालिच्यासाठी म्हणा की बापासाठी म्हणा, नितीन त्यांना गाडीत घालून जवळच्या एका लहान गावातल्या मैदानावर घेऊन गेला. तिथे त्या मोठ्या टीमची खालच्या पायरीवरची पोरं खेळत होती. मामांना खेळातलं काही कळत नव्हतं. तेवढ्यात एक एकोणीस-वीस वर्षांचा उंच, सडपातळ, डावखुरा मुलगा चेंडू टाकायला आला. त्याने हात असा फिरवला, पाय असा उचलला, की मामा उभे राहिले. चेंडू सुटला तो फलंदाजाच्या, पकडणाऱ्याच्या आणि पंचाच्या डोक्यावरून गेला, मागची जाळी ओलांडली आणि मामांच्या पुढच्या रांगेतल्या बाईंच्या थंड पेयाच्या पेल्यात येऊन पडला. हे मामांचं म्हणणं. नितीन म्हणतो, जाळीला लागला. ते काही असो, त्या मुलाने टोपीला हात लावून प्रेक्षकांची माफी मागितली आणि मामांनी ती स्वतःकडे घेतली. "मुलगा संस्कारी आहे," ते नितीनला म्हणाले. "हा वर जाणार."

तेव्हापासून तो आमचा डावखुरा. त्याला नावगाव आहे, त्याचं मूळ कुठल्याशा बेटावरचं आहे, पण आमच्या इमारतीत त्याला डावखुराच म्हणतात. खालचा इस्त्रीवालासुद्धा विचारतो, "काय काका, डावखुरा काय म्हणतो?"

मग नितीनने त्या मुलाला कुठून कुठे जायचं असतं ते समजावून सांगितलं, आणि मामांच्या ध्यानात आलं की हा खेळ नाहीच, ही आस्थापना शाखा आहे. गावच्या टीमवरून तालुक्याला, तालुक्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून विभागाला आणि तिथे चांगलं काम केलं तर मंत्रालयात, म्हणजे मुख्य टीममध्ये. मंत्रालयात कोणी आजारी पडलं की विभागातून एकाला तात्पुरता वर घेतात आणि आजारी बरा झाला की मुकाट्याने खाली पाठवतात. कोणाला काढायचं असेल पण तोंडावर सांगवत नसेल, तर काही दिवस नुसतं लोंबकळत ठेवतात. आपल्याकडे यालाच अनिवार्य प्रतीक्षाधीन म्हणतात, हे मामांनी नितीनला सांगितलं. शिवाय दोन टीम आपापसांत माणसं बदलून घेतात. "आपसी बदली," मामा म्हणाले आणि त्यांचे डोळे पाणावले, असं मामी सांगतात. निवृत्तीनंतर हरवलेलं टेबल त्यांना साता समुद्रापलीकडे सापडलं होतं.

पुण्याला परतल्यावर त्यांनी सगळ्या जगाची आस्थापना हातात घेतली. सोसायटीच्या सभेत उभं राहून सेक्रेटरींना प्रतीक्षाधीन करावं असा ठराव मांडला. दूधवाल्याला बोलावून सांगितलं, की रोज पाणी घालतोस ते समजू शकतो, पण सातत्य नाही. मला त्यांनी होतकरूंच्या यादीत टाकलं होतं. माझं लग्न झालं तेव्हा मामांना बेसबॉल ठाऊक नव्हतं म्हणून मी सुटलो, पण माझा गोपनीय अहवाल त्यांनी मागाहून तयार केला आणि एका श्रावणी सोमवारी सगळ्यांसमोर तोंडी सादर केला. "फार वर जाणार नाही. पण दुखापत न होता बरीच वर्षं खेळेल." माझी बायको म्हणाली, "मामा, अगदी बरोबर." मी वरणभात जेवत होतो. जेवत राहिलो.

टीमची गडद निळी टोपी त्यांनी तिकडून आणली होती. ती लेंगा-बनियनवर घालतात, कार्याला सफारीवर घालतात, थंडीत कानटोपीवर घालतात. स्कूटरवरही तीच. स्वारगेटला एकदा हवालदाराने अडवलं.

"आजोबा, हेल्मेट कुठाय?"

"घरी आहे. टोपीवरून बसत नाही."

"मग टोपी काढा की."

"तुम्ही ड्यूटीवर तुमची काढता का?"

हवालदाराने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या टोपीला हात लावून बघितलं. दंड घेतलाच, पण पावती देताना म्हणाला, "कुठल्या खात्यातले तुम्ही?" मामा हे अजून अभिमानाने सांगतात.

बुधवार पेठेत वायर घ्यायला गेलो होतो तेव्हाचीही गोष्ट तशीच. मुख्य टीमची मॅच टीव्हीवर दिसावी आणि डावखुऱ्याची मोबाइलवर, अशी त्यांना जोडणी हवी होती. दुकानदाराला त्यांनी समजावलं, "हे बघा, वायरचं हे टोक टीव्हीत, ते टोक मोबाइलमध्ये, आणि मध्ये अमेरिका आली पाहिजे."

दुकानदार पेपरातून मान वर न करता म्हणाला, "वायर मिळेल. अमेरिका तुमची तुम्ही आणा."

इथवर सगळी गंमत. पण या गमतीच्या खाली एक फाइल दबलेली होती, आणि ती मामींना ठाऊक होती.

त्या पहिल्या फेरीत परत निघताना विमानतळावर नितीन म्हणाला होता, "बाबा, आता पुण्यात आहे कोण? तुम्ही दोघं इथेच या राहायला." मामांनी आयुष्यात कोणाला तोंडावर नाही म्हटलेलं नाही. त्यांचं एक शास्त्र आहे. नाही म्हटलं की माणूस चिडतो, वर अपील करतो, मंत्र्याची चिठ्ठी आणतो. त्यापेक्षा म्हणायचं, विचाराधीन आहे. मग तो आशेने घरी जातो, आणि वर्षानुवर्षं जात राहतो. आस्थापना शाखेत विचाराधीन म्हणजे नाहीच, फक्त त्याला चहा पाजलेला असतो. मामा नितीनला म्हणाले, "विचाराधीन ठेवतो." नितीन त्यांचाच मुलगा, त्याला हा शब्द लहानपणापासून पाठ होता, सायकल मागितली तेव्हा, सहलीला जायचं होतं तेव्हा. तो म्हणाला, "मग निदान पुन्हा याल कधी ते सांगा." तेव्हा मामांनी शेरा मारला. "तो डावखुरा मुख्य टीमकडून खेळायला उतरला की पहिल्या मॅचला येतो. तोवर नाही."

नितीन हसला. त्याला वाटलं, वर्षाची गोष्ट आहे.

पण डावखुऱ्याचा चेंडू काही सरळ जाईना. तालुक्याहून जिल्ह्याला गेला, जिल्ह्याहून परत तालुक्याला आला. एक वर्ष खांदा धरला म्हणून वैद्यकीय रजेवर गेला. मामी दर उन्हाळ्यात अमेरिकेला न्यायची म्हणून भाजणी करायच्या, मेतकूट करायच्या, गोडा मसाला करायच्या. सगळी इमारत खमंग व्हायची. आणि पावसाळा सरता सरता, यंदाही डावखुरा वर गेला नाही हे पक्कं झालं की डबे उघडून वाटप व्हायचं. मी स्वार्थी माणूस आहे. मला त्या भाजणीची थालीपीठं इतकी आवडायची, की तो मुलगा तालुक्यालाच निवृत्त व्हावा असं मला वाटायला लागलं होतं. एकदा डबा हातात देताना मामी हळूच म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून सांगते. ह्यांना वाटतं मला कळत नाही. अहो, त्या दिवशी मैदानावर सरळ चेंडू टाकणारी पोरं किती होती. त्यातलं एकही ह्यांना आवडलं नाही."

मी डब्याचं झाकण लावत राहिलो. मामी पुढे म्हणाल्या, "नात पहिल्यांदा पाहिली तेव्हा एवढीशी होती, दुपट्यात मावायची. आता शाळेत जाते. फोनवर मला दात पडलेला दाखवते."

ती नात रोज सकाळी साडेदहाला, तिच्या झोपायच्या वेळी, फोनवर येते. आजोबा आणि आपल्यामध्ये एक डावखुरा माणूस उभा आहे एवढं तिला समजलं होतं. मागच्या वर्षी तिने विचारलं, "आजोबा, त्याला स्ट्रेट टाकायला कोणी शिकवत नाही का?" मामा म्हणाले, "शिकवतात गं." आणि पुढचा तासभर आमच्या डोक्यावर प्रदक्षिणा चालू होत्या. त्या दिवशी मॅच नव्हती.

यंदा मात्र कोणीतरी शिकवलं. नवा प्रशिक्षक आला, त्याने डावखुऱ्याचा पाय कुठे पडतो ते बदललं आणि चेंडू एकदम सुतासारखा जाऊ लागला. मे महिन्यात तो जिल्ह्याला होता, जून संपेपर्यंत विभागात पोचला. नितीनचे फोन वाढले. "बाबा, आता कुठल्याही दिवशी." मामींनी भाजणी दुप्पट केली. आणि मामांची झोप उडाली.

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते जवळ आलं, तर माणसाने खुश असावं. मामांचं उलटच झालं. सकाळी डावखुरा चांगला खेळला की त्यांच्या लांब, ऐटबाज फेऱ्या ऐकू यायच्या, आणि मग मध्येच थांबायच्या, जणू हॉलच्या मधोमध त्यांना काहीतरी आठवायचं. दुपारी खाली येऊन मला त्रुटी काढून दाखवायचे. "खांदा नाजूक आहे. एवढ्यात वर नेऊ नये." किंवा, "वरिष्ठांना डावलून याला घेतला तर टीममध्ये असंतोष माजेल." आले की बसायचे नाहीत. फ्रिज उघडून बघायचे, बंद करायचे. आमच्या घड्याळाला चावी द्यायचे. ते सेलवर चालतं. कात्रजपर्यंत पायी जाऊन दुधाची एक पिशवी आणायचे, आणि घरी दूध आहे म्हटलं की तीच पिशवी घेऊन आणखी एक चक्कर मारून यायचे.

एक दिवस म्हणाले, "जावईबापू, चला. त्याच्या नावाने अभिषेक करायचाय." कोपऱ्यावरच्या गणपतीच्या देवळात गेलो. गुरुजींनी नाव विचारलं, मामांनी सांगितलं. गुरुजींनी ते दोनदा म्हणून बघितलं.

"गोत्र?"

"ठाऊक नाही."

"ठाऊक नसलं की काश्यप," गुरुजी म्हणाले आणि समुद्रापलीकडच्या बेटावरचा तो मुलगा एका पळीत काश्यपगोत्री झाला. "बरं, संकल्प काय? मागणं काय आहे?"

 मामांच्या हातातलं पाणी ताम्हनात ठिबकायला लागलं.  शेवटी म्हणाले, "त्याचं योग्य ते होवो."

"योग्य म्हणजे? बढती का आणखी काही?"

"ते गणपतीला ठरवू द्या."

"काका, गणपतीला तेवढंच काम नाही," गुरुजी म्हणाले, "पण बघू."

आपल्याकडे बदल्यांचा हंगाम मेअखेर संपतो, तिकडे जुलैअखेर. त्या मुदतीनंतर टीमना आपसांत माणसं बदलता येत नाहीत, म्हणून शेवटच्या दिवशी नुसती झुंबड असते. यंदाचा तो दिवस उजाडला तेव्हा मामा पहाटेपासूनच आमच्या दारात उभे होते. टोपी नव्हती. म्हणाले, "आज बातमी बघायची नाही. मोबाइल घरी ठेवतो. गाडी काढा, खडकवासल्याला जाऊ, पाणी बघू." मामी त्यांच्या मागे पर्स घेऊन तयार. पर्समध्ये मोबाइल होता, हे मला दिसलं आणि मामांनाही दिसलं असणार, कारण त्यांनी तिकडे बघायचं कटाक्षाने टाळलं.

धरण भरत आलं होतं. कठड्याला ही गर्दी. आम्ही भाजलेली कणसं घेतली. मामा चार दाणे खायचे, चार पावलं टाकायचे, परत यायचे. मी विचारलं, "मामा, तुम्हाला नेमकं काय व्हायला हवंय?"

त्यांनी कणसाकडे बघत उत्तर दिलं. "तिथे नितीनच्या दारात बाक आहे. मी त्यावर बसायचो. सगळे कामाला जायचे. दिवसभर रस्त्यावरून एक माणूस चालत जायचा नाही. इथे मी खाली उतरलो तर इस्त्रीवाल्यापर्यंत चार जण विचारतात, कुठे निघालात. तिथे मी निघालो काय आणि बसलो काय." मग म्हणाले, "पण मुलगा चांगला खेळतोय हो. त्याला कसं म्हणू, नको खेळूस."

तेवढ्यात पर्स वाजली. साडेदहा झाले होते. मामींनी फोन स्पीकरवर टाकला आणि आम्हा तिघांच्या मध्ये धरला.

"बाबा, ऐकलंत का?" नितीनचा आवाज पडलेला होता. "डावखुरा गेला. आपल्या टीमने त्याला देऊन टाकला. पार पलीकडच्या किनाऱ्यावर. त्याच्या बदल्यात दुसरा एक घेतला."

मामांचं कणीस हातातच राहिलं. मामींनी पदर तोंडाला लावला.

"त्या लोकांनी त्याला थेट मुख्य टीममध्ये घेतलाय," नितीन म्हणाला. "दहा-बारा दिवसांत उतरेल. पण आपल्याकडून नाही."  मग तो अगदी शांतपणे म्हणाला, "ठीक आहे, बाबा. तुमची अट काही आता पुरी होत नाही. मी परत विचारणार नाही. तब्येत सांभाळा."

मुलाने स्वतःच फाइल बंद केली होती. मामांना आता काही करायचंच उरलं नव्हतं. नाही म्हणायचं नव्हतं, शेरा मारायचा नव्हता. ज्या सुटकेसाठी ते इतकी वर्षं येरझाऱ्या घालत होते ती खडकवासल्याच्या कठड्यावर आयती मिळाली होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, आणि तिथे सुटलेला माणूस मला दिसेना.

फोनमध्ये काहीतरी खुडबुडलं आणि नात आली. तिने झोपेच्या आवाजात विचारलं, "आजोबा, आता तुम्ही दुसऱ्या कुणाची वाट बघणार?"

मामा एकदम उभ्या उभ्या स्थिर झाले. गुडघा हलेना, पाऊल हलेना. वरच्या मजल्यावरून आवाज येत नाही तेव्हा ते कसे दिसत असतील ते मला त्या दिवशी कळलं.

"नाही," ते म्हणाले. "आता कुणाची नाही. बाबाला फोन दे." आणि नितीन आल्यावर घसा साफ करून, थेट आस्थापना शाखेच्या आवाजात, "हे बघ, बदली बढतीवर झाली आहे ना? मग अट पुरी झाली."

"बाबा, तुम्ही मुख्य टीम म्हणाला होतात. म्हणजे आपली."

"मुख्य टीम म्हणालो होतो. कुठली ते म्हणालो नव्हतो. अट मी घातली, मला ठाऊक. तो कुठल्या गावी रुजू होतोय ते बघ. तुम्ही तिघं तिथे या. आम्ही दोघं इकडून येतो."

 मामींनी फोन स्वतःकडे घेतला आणि पहिलं वाक्य उच्चारलं, "भाजणी तयार आहे."

ज्या माणसाने सासवडच्या घाटापायी साहेबी सोडली, तो पंधरवड्याच्या आत दोन विमानं बदलून एका परक्या शहरात परक्या टीमच्या मैदानावर जाऊन बसला. तिथून मला फोन आला. मागे लोकांचा गलका होता. "जावईबापू, पहिला चेंडू पकडणाऱ्याच्या डोक्यावरून गेला. अगदी तस्साच. नात म्हणाली, आजोबा, हाच का तो?" मग काय झालं, मी विचारलं. "दुसरा सरळ पडला," मामा म्हणाले, "पण आम्ही सगळे पहिल्यालाच उभे राहिलो होतो."

जाताना ते टोपी माझ्याकडे ठेवून गेले. म्हणाले, "धारणाधिकार ठेवलाय." म्हणजे सरकारी माणूस दुसरीकडे कामावर गेला तरी मूळ जागेवर परतायचा त्याचा हक्क राहतो, तो. मॅचनंतर नितीनच्या घरी महिनाभर राहायचं, असं परतीचं तिकीट होतं. ते एकदा पुढे ढकललं, मग आणखी एकदा. आता दिवाळी तोंडावर आली आहे. सकाळी साडेसातला मी दात घासतो आणि मान वर करून ऐकत राहतो. वर काहीच नाही. इस्त्रीवाला विचारतो, "काका काय म्हणतात?", डावखुऱ्याचं नावही काढत नाही. मामी जाताना ठेवून गेलेला भाजणीचा डबा इतका खाली आलाय, की बायको थालीपीठ एकच लावते आणि अर्धं अर्धं वाढते.

परवा मी फोन केला. म्हटलं, "मामा, बेसबॉलचा हंगाम तर संपला. आता काय करता तिथे दिवसभर?"

"संपला काय? खरं काम आत्ताच. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाला वर आणायचं, सगळं थंडीत ठरतं. शिवाय नातीला शाळेत सोडायला मी जातो. चालत. वाटेत एक म्हातारा भेटतो. रोज विचारतो, कुठे निघालात. म्हणजे इंग्रजीत विचारतो."

"मग परत कधी येताय?"

पलीकडे चालण्याचा आवाज येत होता, गालिच्यावरचा, मऊ. तो थांबला.

"विचाराधीन आहे," मामा म्हणाले.

या शब्दाचा अर्थ मला त्यांनीच शिकवलेला. मी बरं म्हणालो आणि तब्येतीचं विचारून फोन ठेवला. घरात दिवाळीचा रंग चालू होता. रंगारी शिडीवर चढून पत्र्याने छताचा पोपडा खरवडायला निघाला होता. मी त्याला थांबवलं.

"भरून घेतो साहेब, कळणारसुद्धा नाही," तो म्हणाला.

मी म्हणालो, "बाकी सगळं रंगव. तेवढं राहू दे."